मँचेस्टरचा गोलरक्षक

फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात. त्यांपैकी दहा जण मैदानभर धावतात. एकटा गोलरक्षक मात्र दोन खांबांच्या मध्ये उभा राहून आपल्या संघाचे दार राखतो. खेळ चालू असताना चेंडू हातात धरण्याचा अधिकार त्याला एकट्यालाच असतो, आणि चूक घडली की तिचा भारही त्याच्या एकट्याच्या माथी येतो. आघाडीच्या खेळाडूने दहा वेळा चेंडू बाहेर मारला, तरी त्याच्या एका गोलाने सारी उणीव भरून निघते. गोलरक्षकाने दहा वेळा चेंडू अडविला आणि अकरावा चेंडू निसटला, तर लोक तो अकरावाच लक्षात ठेवतात. म्हणून गोलरक्षकाला लोकांचे प्रेम मिळणे कठीण, आणि मिळालेले प्रेम टिकणे त्याहूनही कठीण.

अशा या अवघड जागी एक जर्मन तरुण इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात पंधरा वर्षे उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात तो इंग्लंडविरुद्ध लढला होता. तो आपल्या संघात येणार हे कळताच त्या शहरातील हजारो माणसे संतापाने रस्त्यावर उतरली होती. परंतु त्याच शहराने पुढे त्याला असे आपलेसे केले की, खेळ सोडून जवळजवळ पन्नास वर्षे लोटली तरी त्याचे नाव निघताच वृद्धांचे डोळे पाणावत आणि ज्यांनी त्याला खेळताना कधी पाहिले नव्हते अशी मुलेही त्याला पाहण्यासाठी गर्दी करीत. त्या गोलरक्षकाचे नाव बर्ट ट्राउटमन. द्वेषाचे रूपांतर प्रेमात कसे झाले, आणि ते प्रेम इतकी वर्षे का टिकले, हे जाणून घेण्यासारखे आहे.

ट्राउटमनचा जन्म २२ ऑक्टोबर १९२३ रोजी जर्मनीतील ब्रेमेन या बंदराच्या शहरी झाला. त्याचे मूळ नाव बर्नहार्ड. वडील गोदीत काम करीत. पहिल्या महायुद्धात पराभूत झालेल्या जर्मनीत त्या काळी बेकारी आणि महागाई यांनी लोक गांजले होते. ट्राउटमनच्या घरीही हाताशी पैसा थोडाच असे. मुलगा मात्र अंगापिंडाने धट्टाकट्टा होता. धावणे, उड्या मारणे, चेंडू फेकणे यांत त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता.

१९३३ साली जर्मनीची सत्ता हिटलरच्या हाती गेली. नाझी पक्षाने मुलांसाठी संघटना काढल्या. तेथे खेळ होते, सहली होत्या, गाणी होती; आणि त्या खेळांच्या आणि गाण्यांच्या आडून मुलांच्या मनात परजातींचा द्वेष पेरला जात होता. त्याच वर्षी लहानगा बर्नहार्ड अशा संघटनेत दाखल झाला. तेथे जे शिकविले गेले ते त्याने खरे मानले. त्याला दुसरे कोणी काही सांगणारे नव्हते, आणि प्रश्न विचारणे हा तेथे गुन्हा होता.

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा तो मोटारी दुरुस्त करण्याचे काम शिकत होता. १९४१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो आपण होऊन जर्मन विमानदलात गेला आणि पुढे छत्रीधारी सैनिक झाला. त्याला रशियाच्या आघाडीवर पाठविण्यात आले. तेथील बर्फ, उपासमार आणि रक्तपात त्याने पाहिला. एकदा युक्रेनमधील एका जंगलात निरपराध ज्यू स्त्रीपुरुषांना व मुलांना गोळ्या घालून मारताना त्याच्या दृष्टीस पडले. तो तेथून जीव मुठीत धरून निसटला. पण ते दृश्य त्याच्या मनातून जन्मभर पुसले गेले नाही. लढाईत त्याला शौर्याबद्दल पदके मिळाली. तो रशियनांच्या हाती सापडला आणि निसटला. फ्रान्समध्ये पुन्हा पकडला गेला, तेथूनही निसटला. अखेर १९४५ च्या मार्च महिन्यात तो ब्रिटिश सैनिकांच्या हाती लागला. आता गोळी घालतील अशा भीतीने तो उभा असता एका ब्रिटिश सैनिकाने त्याला चहा घेणार का, असे विचारले, ही आठवण तो पुढे आवर्जून सांगत असे.

युद्धकैदी म्हणून त्याला इंग्लंडला नेण्यात आले. आरंभी अधिकाऱ्यांनी त्याची गणना कडव्या नाझींमध्ये केली. छावणीत जर्मन कैद्यांना नाझींच्या छळछावण्यांचे चित्रपट दाखविण्यात येत. ज्यांच्यासाठी आपण प्राण पणाला लावले त्यांनी काय केले, हे त्या कैद्यांना तेथे उघड्या डोळ्यांनी पाहावे लागे. छावणीत ट्राउटमनला एका ज्यू सार्जंटची मोटार चालविण्याचे काम मिळाले. प्रारंभी त्याला ते अपमानास्पद वाटले. पण रोजच्या सहवासात त्याला दिसू लागले की, ज्याचा तिरस्कार करण्यास आपल्याला शिकविले गेले, तो आपल्यासारखाच हसणारा, रागावणारा, घरच्या आठवणीने व्याकूळ होणारा माणूस आहे. आपले खरे शिक्षण इंग्लंडमध्ये सुरू झाले, असे तो म्हाताऱ्या वयात म्हणे, ते याच अर्थाने.

लँकेशायरमधील ॲश्टन-इन-मेकरफील्ड येथील छावणीत कैद्यांचे फुटबॉलचे सामने होत. ट्राउटमन तोपर्यंत मैदानात खेळणारा खेळाडू होता, गोलरक्षक नव्हता. एका सामन्यात त्याला दुखापत झाली आणि धावणे अशक्य झाले. तेव्हा त्याने संघाच्या गोलरक्षकाशी जागेची अदलाबदल केली. त्या दिवसापासून गोलाची ती चौकट हीच त्याची जागा झाली. 'बर्नहार्ड' किंवा 'बेर्न्ड' हे नाव इंग्रजांच्या जिभेवर नीट बसेना, म्हणून ते त्याला 'बर्ट' म्हणू लागले. जागा नवी मिळाली, तसे नावही नवे मिळाले.

१९४८ साली कैद्यांना स्वदेशी परत पाठविण्याचे काम संपत आले. सुमारे २४,००० जर्मन कैद्यांनी ब्रिटनमध्येच राहण्याचे ठरविले. ट्राउटमन त्यांपैकी एक होता. प्रथम त्याने एका शेतावर काम केले. नंतर त्याला न फुटलेले बॉम्ब निकामी करणाऱ्या तुकडीत काम मिळाले. जर्मन विमानांनी टाकलेले बॉम्ब लिव्हरपूलच्या परिसरात जमिनीत रुतून राहिले होते. ते बाहेर काढण्याच्या कामी आता एक जर्मन माणूस राबत होता. सुट्टीच्या दिवशी तो सेंट हेलन्स टाउन या लहानशा संघाकडून खेळे. पाहता पाहता त्याची कीर्ती पसरली आणि त्याचा खेळ पाहण्यासाठी माणसांची दाटी होऊ लागली. १९४९ च्या ऑक्टोबर महिन्यात मँचेस्टर सिटी या नामवंत संघाने त्याला करारबद्ध केले.

येथे मँचेस्टरची त्या वेळची मनःस्थिती समजून घेतली पाहिजे. मँचेस्टर म्हणजे गिरण्यांचे शहर. येथील कापड एके काळी हिंदुस्थानच्या बाजारपेठांतही विकले जात असे. १९४० च्या डिसेंबरमध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, जर्मन विमानांनी या शहरावर लागोपाठ दोन रात्री बॉम्बवर्षाव केला. शेकडो माणसे मरण पावली, हजारो बेघर झाली. १९४१ च्या मार्चमध्ये शहरातील दुसरा मोठा संघ मँचेस्टर युनायटेड याचे क्रीडांगणही बॉम्बने उद्ध्वस्त झाले. त्या संघाला १९४९ पर्यंत सिटीच्या मैदानावर आपले सामने खेळावे लागले. ज्या घरातील मुलगा युद्धावरून परतला नाही असे घर प्रत्येक गल्लीत होते. त्यातच मँचेस्टरमध्ये ज्यू लोकांची वस्ती मोठी होती. त्यांच्यापैकी अनेकांचे आप्तस्वकीय नाझींनी ठार मारले होते. अशा शहराच्या संघात हिटलरच्या सैन्यातील एक जवान गोलरक्षक म्हणून येणार, ही वार्ता म्हणजे जखमेवर मीठ होते.

लोकांनी निषेधाचे मोर्चे काढले. वर्तमानपत्रांकडे संतप्त पत्रे येऊ लागली. हा जर्मन संघात असेल तर आम्ही सामन्यांना पाऊलही टाकणार नाही, असे अनेक जुन्या प्रेक्षकांनी संघाच्या चालकांना बजावले. त्यांचा राग अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. त्या रागामागे खरे दुःख होते.

या प्रसंगी दोन माणसांनी मोठे मन दाखविले. पहिला माणूस म्हणजे संघाचा कर्णधार एरिक वेस्टवुड. नॉर्मंडीच्या लढाईत तो जर्मनांविरुद्ध लढला होता. ट्राउटमन प्रथमच खेळाडूंच्या खोलीत आला तेव्हा, या खोलीत युद्ध नाही, असे सांगून वेस्टवुडने सर्वांसमक्ष त्याचे स्वागत केले. दुसरे होते मँचेस्टरच्या ज्यू समाजाचे धर्मगुरू डॉ. अलेक्झांडर आल्टमन. ते स्वतः बर्लिनमध्ये धर्मगुरू होते आणि नाझींच्या छळामुळे १९३८ साली त्यांना जर्मनी सोडावी लागली होती. त्यांच्या आईवडिलांचा नाझींच्या छळछावणीत अंत झाला होता. सूड मागण्याचा अधिकार कोणाला असेलच, तर तो त्यांना होता. पण त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून उलटच मत मांडले. जर्मनांनी आपल्यावर भयंकर अत्याचार केले हे खरे. तरीही ज्याचा त्या गुन्ह्यांत हात नाही अशा एकट्या जर्मन माणसाला त्यासाठी शिक्षा करणे न्यायाचे नाही, प्रत्येक माणसाची पारख त्याच्या स्वतःच्या गुणांवरून व्हावी, असा त्या पत्राचा आशय होता. ज्यांचे दुःख सर्वांत मोठे, त्यांनीच असे म्हटल्यावर इतरांच्या क्रोधाची धार हळूहळू बोथट होऊ लागली.

अर्थात एका पत्राने सारे चित्र पालटले नाही. १९ नोव्हेंबर १९४९ रोजी ट्राउटमन पहिला सामना बोल्टन येथे खेळला आणि त्याचा संघ हरला. परगावच्या मैदानांवर प्रेक्षक त्याला शिव्याशाप देत. त्या आरोळ्यांनी त्याचे चित्त विचलित होई. डिसेंबरमध्ये डर्बी येथे तर त्याच्यावर तब्बल सात गोल झाले. पण त्याने ना कोणाला उलट उत्तर दिले, ना मैदान सोडले. दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळी सरावाला हजर असे.

१९५० च्या जानेवारीत लंडनमध्ये फुलॅम संघाशी सामना होता. युद्धात लंडन शहरही बॉम्बवर्षावात होरपळले होते. त्यामुळे येथे आपले कसे स्वागत होणार हे ट्राउटमनला ठाऊक होते. सामना सुरू झाला आणि फुलॅमच्या खेळाडूंनी सिटीच्या गोलावर हल्ल्यामागून हल्ले चढविले. ट्राउटमन कधी हवेत झेपावला, कधी चेंडू मारणाऱ्याच्या पायांवर झोकून देऊन त्याने तो हस्तगत केला. मोठ्या फरकाने होऊ पाहणारा पराभव त्याने एका गोलावर आणून ठेवला. शेवटची शिट्टी झाली आणि अद्भुत घडले. लंडनचे प्रेक्षक उठून उभे राहिले व टाळ्या वाजवू लागले. दोन्ही संघांचे खेळाडू दोन रांगा करून उभे राहिले, आणि त्या रांगांमधून, मान खाली घालून, तो जर्मन गोलरक्षक मैदानाबाहेर गेला. संघ हरला होता. पण त्या दिवशी एक माणूस जिंकला होता.

यापुढे ट्राउटमनच्या कौशल्याला बहर आला. त्या काळी बहुतेक गोलरक्षक हाती आलेला चेंडू जोराने लाथाडून दूर पाठवीत. तो कोणाकडे जाईल याची शाश्वती नसे. ट्राउटमनने बालपणी हाताने चेंडू फेकण्याचे खेळ पुष्कळ खेळले होते. तो चेंडू हाताने दूरवर आणि अचूक फेकून आपल्याच खेळाडूकडे पोचवी. त्यामुळे संघाचा बचाव संपताक्षणीच चढाई सुरू होई. डॉन रेव्ही या चतुर खेळाडूभोवती सिटीने जी नवी खेळपद्धती बसविली, तिला या फेकीचा फार उपयोग झाला. तो निर्दोष होता असे मात्र नाही. स्वभावाने तो तापट होता आणि त्याचे पंचांशी कधी कधी खटके उडत. परंतु अंग चोरून खेळला असा एकही सामना त्याच्या नावावर नव्हता, हे शत्रूही मान्य करीत. सिटीच्या पुढील २५० सामन्यांपैकी केवळ पाच सामन्यांत तो खेळला नाही.

१९५६ साली फुटबॉलवर लेखन करणाऱ्या इंग्लंडमधील पत्रकारांनी त्याची वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवड केली. हा मान मिळविणारा तो पहिलाच गोलरक्षक होय. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ५ मे १९५६ रोजी, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडच्या प्रख्यात एफ. ए. चषकाचा अंतिम सामना झाला. समोर बर्मिंगहॅम सिटीचा संघ होता आणि मैदानात सुमारे एक लाख प्रेक्षक होते. आदल्या वर्षी मँचेस्टर सिटी याच मैदानावर अंतिम सामना हरली होती. त्यामुळे या वेळी सारे शहर श्वास रोखून बसले होते.

मँचेस्टर सिटीने तीन गोल केले होते, बर्मिंगहॅमने एक. सुमारे १७ मिनिटांचा खेळ उरला होता. इतक्यात बर्मिंगहॅमचा पीटर मर्फी चेंडू घेऊन वेगाने गोलाकडे आला. ट्राउटमनने क्षणाचाही विलंब न लावता त्याच्या पायांपाशी झेप घेतली. चेंडू हाती आला. परंतु मर्फीचा गुडघा ट्राउटमनच्या मानेवर आदळला. तो निपचित पडला. त्या काळच्या नियमांप्रमाणे जखमी खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेता येत नसे. ट्राउटमन बाहेर गेला असता तर संघाला दहा खेळाडूंनिशी खेळावे लागले असते आणि गोल राखण्यास कोणी तरी नवखा उभा करावा लागला असता. तो उठला. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, मान वळत नव्हती. तरीही तो आपल्या जागी उभा राहिला आणि अंगावर येणारे चेंडू अडवीत राहिला. सामना संपला तेव्हा संघ ३–१ असा विजयी झाला होता. चषक स्वीकारण्यास जाताना त्याची मान एका बाजूला कलली होती. हजारो प्रेक्षक त्याच्या गौरवाचे गीत गात होते.

मान मुरगळली असेल, असेच प्रथम सर्वांना वाटले. काही दिवसांनी मँचेस्टरमध्ये क्ष-किरणांनी तपासणी झाली तेव्हा डॉक्टर थक्क झाले. मानेचे पाच मणके सरकले होते आणि त्यांपैकी दुसऱ्या मणक्याचे दोन तुकडे झाले होते. तिसरा मणका दुसऱ्याला अडकून बसला, म्हणूनच तो वाचला. अन्यथा मान जराशी हलताच प्राण गेला असता. त्याला कित्येक महिने प्लास्टरमध्ये जखडून ठेवण्यात आले.

दुर्दैवाचे घाव तेवढ्यावर थांबले नाहीत. अंतिम सामन्यानंतर काही आठवड्यांतच त्याचा पाच वर्षांचा मुलगा जॉन मोटारीच्या अपघातात मरण पावला. एकीकडे मोडलेली मान, दुसरीकडे मोडलेले काळीज! ज्या मँचेस्टरने सात वर्षांपूर्वी त्याच्याविरुद्ध मोर्चे काढले होते, ते मँचेस्टर या दुःखात त्याच्या पाठीशी उभे होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ट्राउटमन पुन्हा मैदानात उतरला. आरंभी त्याच्या हातून चुका झाल्या, आता त्याचे दिवस संपले असे काही जण म्हणू लागले. पण तो खेळत राहिला आणि आणखी सात वर्षे त्याने संघाचे दार राखले. मँचेस्टर सिटीसाठी तो एकूण ५४५ सामने खेळला.

१५ एप्रिल १९६४ रोजी मँचेस्टरच्या मेन रोड मैदानावर त्याच्या निरोपाचा सामना झाला. सिटी आणि युनायटेड हे एकाच शहरातील कट्टर प्रतिस्पर्धी. त्यांच्या चाहत्यांमध्ये एरवी विस्तव जात नसे. पण त्या दिवशी दोन्ही संघांचे खेळाडू एका संघातून, ट्राउटमनच्या नेतृत्वाखाली खेळले. ४५,००० हून अधिक लोक तो सामना पाहण्यास लोटले होते. पंधरा वर्षांपूर्वी ज्या शहराने त्याला येऊ नको म्हटले होते, त्याच शहराचा पाय आता त्याला निरोप देताना निघेना.

खेळाडू निवृत्त झाला की पुष्कळदा त्याची कीर्तीही निवृत्त होते. नव्या हंगामात नवे वीर येतात. लोक जुन्यांना विसरतात. शिवाय ट्राउटमनच्या वाट्याला स्वदेशाच्या संघातून खेळण्याचे भाग्य कधीच आले नव्हते. जर्मनीत खेळणाऱ्यांनाच राष्ट्रीय संघात घ्यावे असे तेथील प्रशिक्षकाचे धोरण असल्याने, १९५४ साली पश्चिम जर्मनीने विश्वचषक जिंकला तेव्हाही ट्राउटमन त्या संघात नव्हता. मग त्याची लोकप्रियता इतकी चिरस्थायी कशी झाली?

याचे उत्तर त्याच्या पुढील आयुष्यात सापडते. निवृत्तीनंतर पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल संघटनेच्या वतीने तो फुटबॉलचे शिक्षण देण्यासाठी दूरदूरच्या देशांत गेला. १९७२ पासून ब्रह्मदेश, टांझानिया, लायबेरिया, पाकिस्तान, उत्तर येमेन अशा देशांत त्याने काम केले. जेथे बऱ्याच वेळा धड मैदानही नसे, तेथे तो शिक्षकांना आणि मुलांना खेळाचे धडे देई. तारुण्यात तो परक्या देशात बंदूक घेऊन गेला होता; प्रौढपणी चेंडू घेऊन गेला. १९८८ पर्यंत त्याने हे काम केले. पुढे इंग्लंड आणि जर्मनी यांच्यातील मैत्री वाढविण्यासाठी त्याच्या नावाने एक संस्था निघाली आणि वार्धक्यातही तो तिच्या कामासाठी इंग्लंडला येत राहिला.

दोन्ही देशांनी त्याची कदर केली. १९९७ साली जर्मनीने आणि २००४ साली ब्रिटनने त्याला सन्मानपदक दिले. इंग्लंडच्या फुटबॉलमधील श्रेष्ठ खेळाडूंच्या मालिकेत २००५ साली त्याचे नाव कोरले गेले. १९५६ चा तो अंतिम सामना पाहण्यास राणी एलिझाबेथ स्वतः उपस्थित होत्या. पुढे सुमारे अर्ध्या शतकाने बर्लिनमध्ये भेट झाली तेव्हा राणींनी त्याला, मान अजून दुखते का, असे विचारल्याची आठवण तो कौतुकाने सांगे. तो मँचेस्टरला आला की लोक त्याच्याभोवती गोळा होत. आजोबा आपल्या नातवाला पुढे करून त्याची ओळख करून देत. १९ जुलै २०१३ रोजी स्पेनमध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. तेव्हा दोन्ही देशांत शोक व्यक्त झाला. २०१८ साली त्याच्या जीवनावर एक चित्रपटही निघाला.

लोकांना ट्राउटमनची मोडलेली मान आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. पण केवळ धाडसाने मिळालेली कीर्ती फार काळ टिकत नाही. मँचेस्टरच्या लोकांना त्याच्यात आणखी काही दिसले होते. तारुण्यात आपण चुकीच्या मार्गाने गेलो, हे त्याने कधी लपविले नाही. आपल्या देशाने काय केले याचा विसर त्याने स्वतःला पडू दिला नाही. क्षमा केवळ मागून मिळत नाही, ती वागणुकीने मिळवावी लागते, हे जाणून तो शनिवारमागून शनिवार त्या चौकटीत उभा राहिला. आणि मँचेस्टरच्या लोकांनी दुःख न विसरताही एका माणसाला संधी दिली, त्याला त्याच्या देशाच्या नावावरून न तोलता त्याच्या करणीवरून तोलले. ट्राउटमनच्या चिरंतन लोकप्रियतेत म्हणूनच अर्धा वाटा त्याचा आहे आणि अर्धा वाटा त्याच्यासाठी टाळ्या वाजविणाऱ्यांचा आहे.

शत्रूला जिंकण्याचे मार्ग अनेक असतील. परंतु तो मित्र होईल असे जिंकणे फार थोड्यांना साधते. मँचेस्टरच्या गोलरक्षकाला ते साधले, आणि मँचेस्टरच्या लोकांनाही.

स्वाध्याय

१. गोलरक्षकाला लोकांचे प्रेम मिळणे कठीण का असते?
२. ट्राउटमन संघात येणार हे कळताच मँचेस्टरचे लोक का संतापले? त्यांच्या रागाविषयी तुम्हाला काय वाटते?
३. डॉ. आल्टमन यांच्या पत्राचा आशय तुमच्या शब्दांत लिहा. त्यांच्या शब्दांना इतके वजन का आले?
४. 'संघ हरला होता. पण त्या दिवशी एक माणूस जिंकला होता.' हे वाक्य कोणत्या प्रसंगाला उद्देशून आहे? त्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. जखमी झाल्यावरही ट्राउटमन मैदानात का थांबला?
६. 'तारुण्यात तो परक्या देशात बंदूक घेऊन गेला होता. प्रौढपणी चेंडू घेऊन गेला.' या वाक्यातून ट्राउटमनच्या जीवनातील कोणता बदल दिसून येतो?
७. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : जीव मुठीत धरणे, जखमेवर मीठ चोळणे, अंग चोरणे, पाय न निघणे.